हातानं वेचलेलं तांबं

डब्याच्या झाकणाचा खट् आवाज झाला आणि त्या चिडीचूप घरात रेणूनं श्वास रोखला. लेक उठली नाही. बरं झालं, अजून पाच मिनिटं मिळाली. तेवढ्यात तिनं दुसरा डबाही भरला, दिगंबरकाकांचा. काकांची सून उशिरा उठे आणि काकांनी तिला कधी उठवलं नव्हतं.

अकोल्याच्या एका शाळेत तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळलेले हे काका मुलाकडे, सिद्धेशकडे, अमेरिकेत ॲन आर्बरला आले ते कायमचेच. वर्षभरापासून रेणूच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्याशी उभे राहत. ती तिथं इंजिनिअर. सकाळी जाताना त्यांना घेऊन जाई.

"काका, यू आर लेट," मागच्या सीटवरून पाच वर्षांची अदिती म्हणाली.

"रस्त्यात बर्फ आडवा आला गं. त्याला आधी जाऊ दिलं."

अदिती खुदकन हसली. तिला डे-केअरला सोडल्यावर काका म्हणाले, "आज परीक्षा नं तुझ्या मशीनची?"

"हो. फोरमन म्हणाला, तासाभरात हातानं वेचायला दहापेक्षा कमी मोटर आल्या तर..."

"तर दोन माणसं कमी. सगळ्यांत नवे दोघं. म्हणजे मी आलोच त्यात."

"सिद्धेश आहे ना, काका."

"आहे तर. सोफा आहे, टीव्ही आहे. फक्त सकाळी उठून कुठं जायचं, ते नाही."

रेणूनं उगाचच हीटर वाढवला.

कारखान्यात जुन्या गाड्यांचा चुरा होई. मोठ्या चुंबकाचा ढोल त्यातलं लोखंड ओढून घेई. ॲल्युमिनियम, पितळ खाली पडे. पण वायपर नाहीतर पंख्याच्या मोटरमध्ये लोखंडावर तांब्याची तार गुंडाळलेली. चुंबक लोखंडाला धरी आणि तांबं आपलं सोबत येई. तेवढ्यानंही पोलाद बिघडे. म्हणून पट्ट्याशी चार माणसं उभी राहून त्या मोटर हातानं वेचत. रेणूनं आता दुसरा ढोल बसवला होता, जरा उंचावर. तिथून चुंबकाची ओढ कमी पडायची. निव्वळ लोखंड वर जाई, तांब्याची मोटर गळून पडे. तरीही लोखंडासोबत गेलेल्या मोटर तेवढ्या हातानं वेचायच्या. आठ महिने ती यामागे होती.

तासानं पट्टा थांबला. फोरमन फोन घ्यायला आत गेला होता. काकांच्या पायाशी दोन बादल्या होत्या. एक सकाळची, काठोकाठ भरलेली, आणि एक चाचणीची.

"किती, काका?"

"सात."

रेणूनं भरलेल्या बादलीकडे पाहिलं. मग दाराकडे. "यातल्या चार इकडे टाकल्या तर कुणाला कळणार नाही," ती हळूच म्हणाली.

काकांनी हातमोजा काढला, बोटं चोळली. "आमची पोरं असंच करायची. आधी उत्तर काढायचं, मग त्याला जुळेल असं रीडिंग लिहायचं. मी सगळं पुसून पुन्हा करायला लावायचो." त्यांनी भरलेली बादली पायानं मागं सारली. "चांगलं झालंय तुझं मशीन. सातच लिही."

तिनं सात लिहिले. आकडा जरा वाकडा आला.

शुक्रवारी काकांनी हेल्मेट पुसून खुंटीला अडकवलं आणि पट्ट्यावरच्या प्रत्येकाशी हात मिळवला.

सोमवारी त्यांच्या वळणावर गाडी न थांबता पुढं गेली.

"आई, काकांचं हाऊस गेलं."

"काका आता कामाला नाही येत, बाळा. घरीच बसतात."

अदितीनं थोडा वेळ विचार केला. डे-केअरमध्ये खोडी केली की काही मिनिटं एकट्यानं बसवतात, ते तिला ठाऊक होतं.

"काकांना टाइम-आउट दिलाय?"

रेणूनं आरसा सरळ केला.

"आई, हाऊ मेनी मिनिट्स?"