चाळीस हजारांची मिरची

"आज किलोला चाळीस हजार रुपिया सांगायचं. कळलं का, मावशी?" बाजारप्रमुख गुनादी मिरचीच्या टोपल्यांवर वाकून म्हणाले.

"साहेब, पहाटे मलाच सत्तर हजारांनी पडलीय! वरचे तीस तुम्ही घालणार का?"

"सरकारकडून भाव टिपणारी मुलगी येतेय. तिच्या कागदावर महागाई दिसली की वरचे साहेब माझं सालटं काढतात. तुझ्या ओट्याचा परवाना याच महिन्यात नवा करायचाय ना?"

रुस्मिनी मिरच्यांची देठं खुडू लागली. नवरा गेल्यापासून सुम्बेरजातीच्या बाजारातल्या या ओट्यावरच घर चाललं होतं.

मुलगी आली. दर मंगळवारी यायची, सालस पोरगी.

"लाल मिरची काय भाव, मावशी?"

"चाळीस."

मुलीने चमकून वर पाहिलं. "खरंच एवढ्यात विकताय?"

गुनादी खांबाला टेकून उभे होते. "विकतेय की," रुस्मिनी म्हणाली.

मागच्या बायकांनी ते ऐकलं आणि गराडाच पडला. "मला दोन किलो!" "ए, मी आधी आलेय!" गुनादींच्या देखत रुस्मिनीला तोलून द्यावंच लागलं. टोपल्या रिकाम्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी माल भरायला तिने कानातले गहाण टाकले. पुढचे दोन मंगळवारही असेच गेले.

वर्षअखेरीला महागाई आटोक्यात ठेवल्याबद्दल जिल्ह्याला बक्षीस मिळालं. त्याच आठवड्यात कामगारांचा नवा किमान पगार जाहीर झाला. पगारातली वाढ महागाईच्या आकड्यावरूनच ठरायची. रुस्मिनीची मुलगी विनार्ती बुटांच्या कारखान्यात शिलाईला होती. नवरा सोडून गेलेला, पदरात तान्हं मूल. पगार धड वाढला तर राहायचं, नाहीतर तैवानला घरकामाला जायचं, असं तिने ठरवलं होतं.

"किती वाढला गं?" रुस्मिनीने भात वाढता वाढता विचारलं.

विनार्तीने चपला कोपऱ्यात भिरकावल्या. "बाळाच्या दुधाचा एक डबा येईल, बस. मॅनेजर म्हणतो, तुमच्याकडे महागाई आहेच कुठे? मिरचीसुद्धा उतरलीय! कुठल्या गाढवाने सांगितला असेल हा भाव?"

"मी."

विनार्ती हसली. मग आईचा चेहरा पाहून तिचं हसू विरलं.

"परवाना काढून घेतला असता त्यांनी," रुस्मिनी म्हणाली.

"घेऊ द्यायचा होतास."

"आणि खाल्लं काय असतं?"

"आता तरी काय खातोय?" विनार्तीने ताट सरकवलं आणि तैवानला बायका पाठवणाऱ्या एजंटाला फोन लावला.

तीन वर्षांचा करार होता. गाडी दारात आली तेव्हा तिने बाळाला पोटभर पाजलं, ते झोपल्यावर आईच्या मांडीवर ठेवलं. निघताना आईचा हात कपाळाला लावायची रीत. रुस्मिनीने हात पुढे केलाही. विनार्ती पिशवी उचलून गाडीत बसली.

आता बाळ ओट्यामागे खोक्यात झोपतं. परवा दुपारी ते उठून टाहो फोडू लागलं. सकाळपासून देठं खुडून रुस्मिनीची बोटं तिखटाने भगभगत होती आणि नळाला पाणी नव्हतं. तिने दोन्ही पंजे बाळापासून लांब धरले, नुसत्या मनगटांत धरून त्याला उचललं आणि ते दूध शोधत तिच्या पोलक्याला तोंड घासत राहिलं.