ताईचं शेवटचं प्रेझेंटेशन

माझ्या ताईला कॉलेजात बिझनेस शिकायचा अगदी वीट आलाय, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. बाबा मात्र गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता सांगायचे, "मुलगी शिकून आली की बघा दुकानाचं काय करते ते!"

"सांगून टाक की सरळ," मी म्हटलं.

"सरळ सांगायला शिकवतच नाहीत गं. दोन वर्षं नुसत्या स्लाइड करतेय."

म्हणून रविवारी दुपारी तिने भिंतीवर चादर ठोकली, समोर प्रोजेक्टर मांडला आणि आईबाबांना सोफ्यावर बसवलं. पहिली स्लाइड : 'मी कॉलेज का सोडावं?' मग आलेख. तिच्या उत्साहाची रेघ अशी घरंगळत गेलेली की पार चादरीबाहेर. पुढे 'धोके' : बाबांचा राग. 'उपाय' : आई.

"मला न विचारता?" आई म्हणाली.

शेवटी, त्याऐवजी काय करायचं ते मोठ्या अक्षरांत : 'लहान मुलांना पोहायला शिकवणं'.

माझा जीव टांगणीला. आणि बाबा चक्क टाळ्या वाजवत उठले!

"वा! काय मुद्देसूद बोललीस गं! कॉलेजने सोनं केलं पोरीचं. आता तर डिग्री घेतल्याशिवाय सोडायचंच नाही!"

ताईचा चेहरा खर्रकन उतरला. तरी बिचारीने पुढची स्लाइड लावली : 'तुमच्या शंका'.

"शंकाच नाही!" बाबा म्हणाले.

म्हटलं, आता मी गप्प बसले तर हे तोंड काय फक्त जेवायला दिलंय? मी प्रोजेक्टरची वायरच उपटली.

"अगं ए! छान चाललं होतं!" बाबा ओरडले.

"बाबा, आता विचारा तिला."

"काय विचारू? बरं... काय गं बाळा, काय झालं?"

ताईने कोऱ्या चादरीकडे पाहिलं. एवढी फाडफाड बोलणारी ती, पण शब्द फुटेना.

"रोज सकाळी कॉलेजच्या फाटकातून परत फिरावंसं वाटतं," ती कशीबशी म्हणाली. "नसलेल्या कंपन्यांचे नसलेले साबण विकतो आम्ही. मला नाही जायचं, बाबा." आणि तिने भोकाड पसरलं.

बाबा तिच्याजवळ गेले.

"मग हे का नाही दाखवलंस?"

"याचा आलेख नाही काढता येत."

आईने ताईचे डोळे पुसायला पदर पुढे केला, तर तो बाबांनीच घेतला.

"उद्या नाव कमी करायला मी येतो," ते म्हणाले. "पण तिथल्या साहेबांनी एक जरी स्लाइड लावली, तर मी उठून येणार. सांगून ठेवतो."