दोन्ही बाह्या उजव्या

आज मी वीस मिनिटं बसले! श्वास आत गेला तेव्हा आत गेल्याचं कळत होतं, बाहेर आला तेव्हा बाहेर आल्याचं. हसू नका. महिनाभर माझं मन तिसऱ्या श्वासापर्यंत पोचलं नव्हतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर टपालकाका ध्यान शिकवतात. जन्मभर पत्रं वाटली, आता बुद्धाचं सांगतात. पहिल्याच दिवशी त्यांनी पाच शीलं म्हणवून घेतली. हिंसा नको, चोरी नको, खोटं नको वगैरे. मला वाटलं, हे आपलं सभेआधीच्या स्वागतासारखं. खरा कार्यक्रम पुढेच.

पण डोळे मिटले की मला जांभळ्या मखमलीची बाही दिसायची.

"मन कुठे जातं?" काकांनी काल विचारलं.

"बाहीत."

"कुणाच्या?"

इथे मला नेमका खोकला आला.

थोरल्या जाऊबाईंचं आणि माझं शिवणाचं दुकान. कात्री त्यांची, काजं-बटणं माझी, अकरा वर्षं. गायकमंडळाचे आठ कोट घाईचे आले, म्हणून त्या वेळी बाह्या दोघींनी वाटून कापल्या. मखमल दुमडून नाही, एकेरीच कापतात. एक बाही झाली की मापाचा कागद उलटा करायचा, मग दुसरी. एका कोटाच्या दोन्ही बाह्या उजव्या निघाल्या. जाऊबाईंनी चष्मा पुसला. "माझंच झालं असणार. नजर गेली गं माझी." आणि कात्री माझ्यापुढे सरकवली. "आजपासून तूच काप."

बाहीच्या कडेला निळ्या खडूची रेघ होती. त्या पांढरा वापरतात, मी निळा. ती रेघ मी अंगठ्याने पुसली.

सगळं सांगून मी काकांना म्हटलं, "पण खोटं मी बोललेच नाही. नुसती गप्प बसले."

"इथेही गप्पच बसता ना? मग जमतंय का?"

काय खवट म्हातारा! रस्ताभर धुसफुसत निघाले, आणि चौकात पाय थांबले. कापडाखाली चुणी राहिली तर वर कितीही वजनं ठेवा, कात्री कितीही धारेची असो, काप वाकडाच जाणार. दुसऱ्या कुणाला हे मी झोपेतही सांगितलं असतं! दुकानापर्यंत पळत गेले, या वयात.

जाऊबाई माझ्या स्टुलावर काजं करत होत्या.

"ताई, ती बाही मी कापली होती. खडू निळा होता. मी पुसला."

त्यांनी टाका पुरा केला. दोरा दातांनी तोडला.

"महिनाभर डोळ्यांत थेंब घालतेय मी, भवाने!"

"आता नका घालू."

"दे ती कात्री इकडे."

दिली. कापायची अकरा वर्षांची हौस महिन्याभरात परत गेली.

आज सकाळी बसले तर तीच कात्री आठवली आणि तिचा जुना हव्यास जागा झाला. या वेळी त्याच्यामागे धावले नाही, बघत राहिले. हव्यास वाढला, थरथरला, आणि अहो, विरून गेला! इतकी वर्षं जो घट्ट माझा म्हणून बाळगला, तो टिकलाच नाही. पुढचा श्वास जागेवर होता.

दुकानात शिरतानाच ओरडले, "ताई, वीस मिनिटं!"

"आणि दुकानाला वीस मिनिटं उशीर." टेबलावर नवी मखमल पसरली होती. महिनाभरानं हातात आलेली कात्री त्यांनी पदराला पुसली. "ये, ते टोक धर. हलू नकोस."

मी धरलं. एक श्वास, दोन, तीन. कात्री कर्रकन सरळ माझ्याकडे आली.