मोडीत, पुढे पाठवावे

मी एक तांब्याचा हंडा बोलतोय. सध्या उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, नारीशेठच्या मोडीच्या दुकानात, एका फुटक्या कळशीला टेकून उभा आहे. मला भीती वाटते आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे बोलताना आवाज घोगरा झाला तर समजून घ्याल.

तांबटाने मला ठोकून घडवलं. एका बापाने माझ्या गळ्यावर मोडी लिपीत नाव घालून घेतलं, 'चि. गंगू हीस आंदण', आणि मी गंगूबरोबर बदलापूरजवळच्या चामटोलीत आलो. तिच्यापासून तिच्या नातसुनेपर्यंत, म्हणजे वेणूबाईंपर्यंत, घरातल्या प्रत्येक बाळाची पहिली आंघोळ माझ्यातल्या पाण्याने झाली. वेणूबाईंच्या महेशचीसुद्धा. पुढे गिझर आला आणि मी माळ्यावर गेलो. तिथे झुरळांची सोबत होती. माझी काही तक्रार नव्हती.

मग टीव्हीवरच्या विनोदी मालिकेचा तो भाग लागला. गावकरी घरातल्या जुन्या वस्तू जाणकाराला दाखवायला नेतात आणि एका म्हाताऱ्याची गंजकी पेटी मोठी मोलाची निघते. सगळं घर पोट धरून हसलं. महेश मात्र हसता हसता थांबला आणि माळ्याकडे बघू लागला. माणसं अशी बघू लागली की वस्तूंचं काही खरं नसतं.

चामटोलीत घरोघरी तीच गत होती. शेवटी गावाने मैत्रेयी नावाच्या, जुन्या वस्तूंच्या अभ्यासक बाईंना शाळेत बोलावलं. महेशच्या बायकोने, स्वप्नालीने, मला चिंच-मीठ लावून असं घासलं की साल निघायचीच बाकी राहिली. शाळेत वस्तू वर्गात मांडल्या होत्या आणि माणसं बाहेर व्हरांड्यात होती. मैत्रेयीबाईंनी माझ्या गळ्यावरून बोट फिरवलं. त्यांना मोडी वाचता येत नव्हती. ज्यांना येते त्यांच्याकडे मला पाठवायला हवं, असं त्या सोबतच्या मुलीला म्हणाल्या, घाईघाईने एक चिठ्ठी लिहून माझ्यात टाकली आणि पुढच्या गावाला, सोनिवलीला निघून गेल्या.

चिठ्ठीवर एवढंच होतं: 'मोडीत. पुढे पाठवावे.'

महेशने ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. शेजारच्या हिंदुरावांच्या अडकित्त्याच्या चिठ्ठीवर 'उत्तम' होतं. ते म्हणाले, "बाई हुशार हाय. भंगार लगेच ओलखला." सगळा व्हरांडा हसला. महेशचे कान लाल झाले.

अहो, मोडीत म्हणजे मोडी लिपीत! मी आतल्या आत ओरडत होतो. पण हंडा वाजवल्याशिवाय वाजत नाही, आणि मला कुणी वाजवलं नाही.

घरी वेणूबाई दारात आडव्या आल्या. "नको रं नेऊ. तुजी पयली आंघोल याच्यातली हाय."

"आई, मॅडमनीच लिहून दिलंय. आता ठेवून काय लोणचं घालायचं?"

लिहून दिलंय म्हटल्यावर वेणूबाई दारातून बाजूला झाल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी पदराने मला आतून-बाहेरून कोरडं केलं आणि त्या आत निघून गेल्या.

दुकानात म्हाताऱ्या नारीशेठनी मला काट्यावर ठेवलं आणि गळ्यावरच्या अक्षरांकडे बराच वेळ पाहिलं. "ये नाम किसका है? नाववाला बर्तन मी एक दिन ठेवतो. कोई रडत आला तो वापस देतो."

"काय माहीत कुणाचं. कोणी नाही येणार," महेश म्हणाला आणि शेअर रिक्षा पकडायला निघून गेला.

ती कालची गोष्ट. आज बाजार बंद आहे म्हणून शटर खाली आहे. उद्या ते वर गेलं की माझा दिवस संपला. कळशी सांगत होती, भट्टीला पाठवण्याआधी भांडं चपटं करतात आणि पहिला घाव गळ्यावरच घालतात. गंगूचं नाव तिथेच आहे.

वेणूबाई, वाचता येत नाही म्हणून मागे राहू नका. इथे काही वाचून दाखवावं लागत नाही. नुसतं रडत या. पण लवकर या.