रिंकूचं उष्टं

शाळेला उन्हाळ्याची सुटी लागली आणि तिसऱ्याच दिवशी माझ्या लेकीच्या, रिंकूच्या पाठीवर पाण्याचे फोड दिसले. "परीक्षेच्या आठवड्यात आले असते तर निदान मास्तरांनी तसंच पास करून टाकलं असतं," असं मी बोलून गेले. सासूने लगेच स्वतःच्या दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या.

"असं बोलाचं नसते वं रीता! माता आली पोरीच्या अंगावर. देवी बसली आता घरात."

माता म्हणजे कांजण्या. माझी सासू गिरजाबाई मांजरालाही शिवी दिल्याशिवाय दूध घालत नाही, पण त्या दिवशी तिने आठ वर्षांच्या नातीपुढे हात जोडले. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. फोडणी बंद, तेल बंद, मासळी बंद. रिंकू एकदम खूश. आता आपल्यावर कोणी ओरडणार नाही, हे तिने बरोबर ओळखलं होतं.

मला मात्र काळजी लागली ती दिव्यानीची. दिव्यानी माझी नणंद. नववा महिना लागलेला, पहिलंच बाळंतपण, म्हणून मुलचेऱ्याकडच्या सासरहून दोनच दिवसांपूर्वी आमच्याकडे आली होती. गावची आशाताई रंजीता बातमी कळताच धावत आली आणि उंबऱ्यातूनच तिने विचारलं, "दिव्यानीले लहानपणी माता येऊन गेली का?"

"गेली ना! पाच वर्सांची होती तवा," सासू ताडकन म्हणाली.

"पक्कं ना बाई? आली नसन तर तिले आजच सासरी पाठवा. बाळंतपणाच्या तोंडावर हे लागलं, तर बाळाच्या जिवावर बेतते."

"माही पोरगी, अन् मले नाई माहीत?"

दिव्यानी ओढणीचं टोक पिळत खाली बघत होती. मला वाटलं, लाजली. रंजीताने तरीही बजावलं की दोघींना एका खोलीत ठेवायचं नाही. कांजण्या मला लहानपणीच येऊन गेल्या होत्या, कपाळावरचे दोन खड्डे त्याचीच साक्ष. म्हणून खपल्या धरेपर्यंत मी रिंकूला घेऊन मागच्या खोलीत राहायचं ठरलं. सासूलाही येऊन गेल्या होत्या, पण तिने दिव्यानीचं पाहायचं, चूल पाहायची. नवरा सुरेंद्र मोहर्लीला सफारीची जिप्सी चालवतो. सीझन जोरात होता. फोनवर म्हणाला, "मी येऊ काय?" पण विचारण्याचा सूर 'नको ना' असाच होता.

मागची खोली म्हणजे आमची धानाची कोठी. एका भिंतीला पोत्यांची थप्पी, दुसऱ्या भिंतीला आम्ही दोघी, आणि सांदवाडीकडे, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेकडे, उघडणारी हातभर खिडकी. कूलर पुढच्या खोलीत, दिव्यानीसाठी. आम्हाला एक पंखा, तोही वीज असेल तेव्हा. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन मी काय सांगू! दुपारी बारानंतर भिंतीला पाठ टेकवत नव्हती. आंघोळीला आणि बाकीच्याला बाहेर पडायचं ते पहाटे, दिव्यानी उठायच्या आत, चोरासारखं.

पहिले दोन दिवस रिंकूने मोबाईल पाहिला. तिसऱ्या दिवशी तिने धानाची पोती मोजली, मग पाली मोजल्या, मग माझ्या डोक्यातले पांढरे केस. चौथ्या दिवशी खाज अशी सुटली की तिने माझ्या हाताला चावा घेतला. मी तिची नखं कापली, कडुनिंबाच्या पाण्याने अंग पुसलं, गोष्टी सांगितल्या आणि गोष्टी संपल्यावर ओरडले. हो, ओरडले. अंगात देवी असलेल्या पोरीवर. ती रडली, मग मीही रडले. खोटं कशाला बोलू, त्या दुपारी दार उघडून चामोर्शीच्या रस्त्याने सरळ चालत सुटावं असं मला वाटलं होतं. एकटीने.

सगळा राग सासूवर निघाला. ती रोज सकाळी खिडकीतून आंबिलीची वाटी आत द्यायची. आधी रिंकूला नमस्कार, मग वाटी. रिंकूच्या तोंडातही फोड होते, त्यामुळे ती दोन घोट घेऊन वाटी सारायची. मी ती खिडकीत आपटायची आणि फळी लावून घ्यायची. पुढच्या खोलीत कूलरचा आवाज आणि मायलेकींचं हसणं. मला कोणी विचारत नव्हतं की बाई, तू जेवलीस का? म्हणून मीही सासूशी अबोला धरला. सहा दिवस एक शब्द बोलले नाही. उष्टी आंबील कुठे जाते हेही विचारलं नाही. शेळीला घालत असेल, आणखी कुठे?

सातव्या सकाळी फळी लावायची राहिली. शेळीचं करडू बघायला रिंकू पोत्यावर चढून खिडकीशी बसली होती. जरा वेळाने म्हणाली, "आई, आत्या माही आंबील खाऊन राह्यली."

मी उठून पाहिलं. सांदवाडीत मोहाच्या झाडाखाली दिव्यानी बसली होती. तिने तीच वाटी कपाळाला लावली आणि तोंडाला लावली. सासू शेजारी हात जोडून उभी.

मी काय ओरडले ते आता आठवत नाही. वाटी दिव्यानीच्या हातातून पडली. सासू खिडकीपाशी धावली. "हळू बोल वं! देवीचा प्रसाद होय तो."

"प्रसाद? उष्टं होय ते रिंकूचं! रोज देत होत्या तुम्ही?"

"रोज." तिचा आवाज खाली गेला. "दोन घोट."

"माता येऊन गेली म्हणता तिले, मंग प्रसादाची एवढी गरज काऊन?"

सासूने खिडकीचे गज धरले.

"नाई आली," ती म्हणाली. "दिव्यानीले कधीच नाई आली माता. म्हणूनच त देत होती. घरात देवी बसली, अन् माह्या पोरीले तिनं कधी पाह्यलंच नाई. तिच्या ताटातलं खाल्लं त ती आपली समजन, हात नाई लावन, असं वाटलं मले. रोज हात जोडून सांगत होती, बाई, हिले सोड."

तिला फाडून खावं असं मला वाटलं, आणि त्याच वेळी तिच्या पोटातली भीती मला दिसलीही. पण भीतीने काय होतं? मी रंजीताला फोन लावला. ती भराभर बोलली. सुरुवातीच्या दिवसांत मिळालं तर एक इंजेक्शन असतं, ते आपल्या इथे मिळत नाही, आधी गडचिरोलीला न्या, तिथून पुढे नागपूरला पाठवतील, वेळ घालवू नका. गर्भवतींसाठी असलेली १०२ची गाडी तिनेच बोलावली.

कोणी ठरवलं नाही, पण सासू गुपचूप मागच्या खोलीत शिरली आणि रिंकूजवळ बसली. "तू जा," एवढंच म्हणाली. गडचिरोलीच्या डॉक्टरांपुढे उभं राहायची तिची हिंमत नव्हती, हे मला कळत होतं. मी सांदवाडीत डोक्यावरून चार बादल्या पाणी घेतलं, धुतलेली साडी नेसले, तोंडाला पदर बांधला आणि गाडीत बसले. सात दिवस बाहेर पडायची वाट पाहिली होती. असं पडायचं होतं का?

गाडी चामोर्शी सोडून पुढे लागली. दिव्यानी पोटावर दोन्ही हात ठेवून रस्त्याकडे बघत होती. माझा राग अजून गेलेला नव्हता आणि तो सगळा सासूवर काढायचं मी ठरवून टाकलं होतं.

"आईनं असं कराले नाई पाह्यजे होतं," मी म्हणाले.

"वैनी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले माहीत होतं."

"काय?"

"मले माता नाई आली ते. रंजीताताईनं इचारलं तवा मी तिथीच त होती. आई खोटं बोलली अन् मी गप्प बसली. मी बोलली असती त तुम्ही मले त्याच दिवशी मुलचेऱ्याले पाठवलं असतं." तिने ओढणीचं टोक पिळलं. "तिथी मले उचलून पाणी देणारं कोणी नाई, वैनी. आठव्या महिन्यात मी विहिरीवरून हंडे आणत होती. दोन दिवस झाले होते फक्त मले इथी येऊन. फक्त दोन दिवस."

रागवायला माझ्याकडे आता कोणी उरलंच नाही.

"वैनी, बाळाले काही होईन काय?"

"नाई होत," मी म्हणाले. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. "अन् बाळंतपण झाल्यावर तू सव्वा महिना आपल्याच घरी राहाशीन. कोण पाठवते तुले, पाहतोच मी."

तेव्हा ती रडली. गडचिरोली येईपर्यंत रडत होती, आणि माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की बांगडी मनगटात रुतत होती. मी तो सोडवला नाही.