खिडकीखालची जागा

पट्ट्याचं पितळी बक्कल एका बाजूनं झिजून पांढुरकं झालं होतं आणि चामड्याला गळ्याचा बाक कायमचा बसला होता. सिंधूबाईनं तो पट्टा खुंटीला अडकवला, मग काढला, पेटीवर ठेवला, तिथूनही उचलला... कुठं ठेवायचा असतो हा? या घरात असल्या वस्तूला जागा नव्हती. कुत्र्याला मात्र होती. काल संध्याकाळी नवऱ्यानं ती न विचारताच दिली होती – खिडकीखाली, भिंतीला लागून, सासूबाईंची जुनी गोधडी अंथरून.

कुत्रा म्हातारा होता. तांबूस अंग, तोंडाभोवती पांढरं, एका डोळ्यात मोतीबिंदू. रेल्वेचा संप मिटल्यावर पीटरसाहेब ड्रायव्हर बायकोमुलांसह ऑस्ट्रेलियाला निघून गेला आणि त्याचा हा कुत्रा, रॉबी, दौंडातच, बंगल्याच्या व्हरांड्यात राहिला. नवं बिऱ्हाड आलं, त्यांनी हाकललं. तो फिरून तिथंच. शेवटी कुणीतरी भाकरीतून विष घालायच्या गोष्टी करू लागलं, तेव्हा तात्याबा, सिंधूबाईचा नवरा, लोको शेडमधली ड्युटी संपवून परस्पर तिकडं गेला आणि दोरीला धरून त्याला क्वार्टरवर घेऊन आला.

"निजू दे हितं," एवढंच तो म्हणाला होता.

एवढंच. दिवाळीनंतर आईला वरवंडला, धाकट्या भावाकडं, पोचवून आला तेव्हाही त्यानं चपला काढता काढता एवढंच सांगितलं होतं – पोचवली. त्या एका शब्दात काय होतं हे ती अजून चाचपत होती, आणि आता ही गोधडी. टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नव्हे. पण न बोलणाऱ्या माणसाचा स्वभाव तरी कळतो कुठं? सकाळी शाळेला निघताना मुक्तानं विचारलंच होतं, आजीच्या जागेवर का निजवलं म्हणून. आणि आपण पोरीच्या वेणीला असा हिसका दिला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो शेडला गेला, मुक्ता शाळेला. घरात ती आणि कुत्रा. रॉबी उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा, गोधडीवर गोल गोल फिरून बसायचा आणि लगेच उठायचा. फरशीवर नखं वाजत राहायची. पीठ मळताना हात थांबायचा. "बस की रे," ती म्हणाली. त्याला मराठी कळत नव्हतं. मग रिकाम्या घरात, आपली आपल्यालाच लाजत ती म्हणाली, "सिट." कुत्र्यानं चमकून तिच्याकडं पाहिलं – थरथरत्या मागच्या पायांवर तो हळूहळू बसला, तिच्या तोंडाकडं बघत, जणू आता ती पुढचंही काही सांगणार होती. तिला पुढचं येत नव्हतं. तो उठला.

ताईबाईही, म्हणजे सासूबाई, असंच करायच्या. घरात बसून घरी न्या म्हणायच्या. कुठलं घर, तर खुटबावचं, लग्न होऊन आल्या ते. त्याच्या भिंतीसुद्धा राहिल्या नव्हत्या. भर दुपारी हात जोडून त्रिसरण म्हणायला लागायच्या, मध्येच विसरायच्या, मग रडायच्या. दोन वर्षं त्यांना न्हाऊमाखू घातलं, त्यांची ओली लुगडी धुतली, केसांतला गुंता सोडवला – कुणी केलं ते? जावेनं? नाही. मीच केलं. आणि त्या दुपारी चुलीवर डाळ होती, दार नुसतं लोटलेलं होतं... यार्डात रुळांच्या मधोमध म्हातारी उभी, समोरून मागं मागं सरकत येणारे डबे, रेल्वेचा खलाशी ओरडतोय. सिंधूबाईनं तिला दंडाला धरून ओढली. भीतीनं ओढली, की रागानं? संध्याकाळी दंडावर चार बोटं उमटलेली होती. तात्याबा आईचे हात धूत होता. त्यानं ती पाहिली की नाही, कोण जाणे. आपणच बोलून गेलो – माझ्याच्यानं आता होत न्हाई. खोटं नव्हतं ते. आजही नाही.

इंजिनाची शिटी झाली आणि रॉबी दाराकडं धावला, धावला म्हणजे लंगडत घसरत गेला. तिनं झडप घालून त्याची मान धरली. केसांखाली मांस नव्हतंच, नुसतं हाड हाताला लागलं. तिची बोटं आपोआप सैल झाली. ती तशीच उंबऱ्याशी बसून राहिली, हात त्याच्या पाठीवर, आणि तो उभाच, दाराच्या फटीतून येणारा कोळशाचा वास हुंगत. चुलीवर भाकरी करपली तरी तिला उठवेना.

संध्याकाळी तात्याबा आला. हातपाय धुऊन, चहाची बशी हातात घेऊन तो बराच वेळ कुत्र्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "शेडमधला म्हाळू इचारत व्हता. न्हावऱ्याला त्याच्या भावाचा मळा हाय. राखणीला नेतो म्हणला. तुला जड होत असंल, तर देऊ."

दिवसभर ती याच वाक्याची वाट पाहत होती. हो म्हणायचं, एवढंच काम होतं.

"किती घरं बदलायची त्यानं या वयात?" ती म्हणाली.

तात्याबानं बशी खाली ठेवली. तिच्याकडं न बघता, अगदी हळू, त्यानं विचारलं, "कुणी?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. राग नव्हता. ती कुत्र्याचं बोलली की आईचं, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक व्हावं असं वाटत होतं. दोन वर्षांचं उत्तर तिनं तयार ठेवलं होतं – लुगडी, रूळ, डाळ, जाऊ, सगळं ओळीनं – पण ते रागाला द्यायचं उत्तर होतं, या विचारण्याला ते लागू पडेना. बाहेर मुक्ता शेजारणीच्या पोरींशी खेळत होती. आता हा वरवंडचं नाव काढेल, रविवारी जाऊ म्हणेल, अशी तिला भीती वाटली. आणि त्यानं ते नाव काढलंच नाही, बशी उचलून चहा पिऊन टाकला आणि उठला, तर... याची भीती पहिलीपेक्षा मोठी आहे हे तिला आत्ता, त्याच्या खाली घातलेल्या मानेकडं बघताना, पहिल्यांदाच कळत होतं.