शिंपल्याचं भोक

मृणालिनी दिघे सोळा वर्षं अंधेरीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होती, आणि सोळाही वर्षं दुसऱ्यांनी शोधलेलंच शिकवत होती. हे मी पहिल्यांदा पाहिलं, असं म्हणण्याजोगं तिच्या गाठीला काहीच नव्हतं. हे शल्य ती कुणाला बोलून दाखवत नसे. पण विभागातल्या कुणाचा निबंध छापून आला, की त्या दिवशी घरातली भांडी जरा जास्त वाजत.

त्र्याऐंशीच्या डिसेंबरात तिचा धाकटा भाऊ नंदकिशोर ऑस्ट्रेलियाहून आला. बाकीच्यांना चॉकलेटं, बहिणीला एक शिंपला. शिंपला कसला, अंगठ्याच्या पेराएवढा ओपल, रंग बदलणारं रत्नच! हलवला की हिरवा, मग निळा, आणि कडेला निखाऱ्यासारखा लाल. सापडला होता भर वाळवंटातल्या खाणीत. अकरा कोटी वर्षांपूर्वी तिथे थंडगार समुद्र होता. शिंपला चिखलात गाडला गेला, विरघळला, आणि त्याच्या रिकाम्या साच्यात पाण्यातली सिलिका साचत साचत त्याचाच आकार धरून बसली.

शिंपल्याला वरच्या अंगाला एक बारीक गोल भोक होतं, पांढऱ्या मातीने बुजलेलं. मृणालिनीने सेफ्टी पिनेने माती उकरून काढली, भोक लख्ख केलं आणि चिठ्ठी लिहिली, ‘दोरा ओवण्यासाठी कारागिराने पाडलेलं छिद्र.’ शनिवारी कॉलेजच्या विज्ञान मंडळात तिचं व्याख्यान होतं. त्यासाठी हे आयतंच हाती आलं होतं.

शुक्रवारी सकाळी सोनूबाई आली. वेसाव्याची ही कोळीण अकरा वर्षं सात बंगला भागातल्या मृणालिनीच्या इमारतीत पाटी घेऊन येत होती. दारात बसून तिने तिसऱ्यांचा, त्या खायच्या शिंपल्यांचा, वाटा लावला, आणि तिची नजर टेबलावर भिंगाशेजारी ठेवलेल्या शिंपल्यावर गेली.

“बाय, यो खाल्लेला हाय.”

“काय?”

“शिंपला. यो भोक हाय ना, त्यातनं खाल्लाय याला. गोल शंखातला किडा असतो, तो वरती बसतो, घासून घासून भोक पारतो न आतला मांस शोषून घेतो. आमी असली वेचत नाय. आत कायच नसतं.”

मृणालिनी हसली. नुसती हसली असती तरी एक वेळ चाललं असतं. आत नंदकिशोर चहा पीत होता, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “ऐकलंस का रे? आता सोनूबाई मला जीवाश्म शिकवणार! अगं बाई, हा दगड आहे, अकरा कोटी वर्षांचा. तुझ्या पाटीतला नाही.”

नंदकिशोरही हसला. सोनूबाईने राग मानला नाही, निदान तसं दाखवलं नाही. पाटीत चुकून आलेली एक भोकाची पांढरी शिंपली शोधून तिने पुढे केली. “तुमीच बगा. भाईरनं रुंद, आत बारीक. माणूस गिरमिटानं पारंल त सरल पारंल.” आणि पाटी डोक्यावर घेऊन ती वरच्या मजल्यावर गेली.

मृणालिनीने दार लावलं आणि मग भिंग उचललं. शिंपलीचं भोक बशीसारखं उतरतं होतं. ओपलमधलंही अगदी तसंच. आणि ती माती! कारागिराने भोक पाडलं असतं, तर त्यात समुद्रतळाची माती बसलीच कशी असती? पुरावा तिने स्वतःच्या हाताने उकरून केरात टाकला होता. तिची कानशिलं तापली. पण लाज वाटून संपायच्या आतच दुसरा विचार डोकं वर काढू लागला, की हे अजून कॉलेजात कुणालाच ठाऊक नाही.

तिने चिठ्ठी फाडली.

शनिवारचं व्याख्यान झकास झालं. पडद्यावर शिंपल्याचं चित्र होतं आणि मृणालिनीचा आवाज कधी नव्हे तो भरून आला होता. हाडं, शिंपले सगळेच दाखवतात, ती म्हणाली, पण इथे एका जेवणाची खूण उरली आहे. एका गोगलगाईने एका शिंपल्याला धरलं, तासन्‌तास घासलं आणि खाल्लं. कोण कुणाला खात होतं, तेसुद्धा दगडाने जपून ठेवलं. विभागप्रमुखांनी मान डोलावली. टाळ्या पडल्या.

मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. दुसऱ्या वर्षाची, कधी न बोलणारी. “मॅडम, हे तुमच्या लक्षात कसं आलं?”

वाक्य मृणालिनीच्या ओठांपर्यंत आलं होतं. आमच्याकडे एक कोळीण येते, एवढंच तर म्हणायचं होतं! पण विभागप्रमुख बघत होते, आणि सोळा वर्षं बघत होती.

“डोळे उघडे ठेवले की दिसतं,” ती म्हणाली.

“बरं, मॅडम,” म्हणून मुलगी खाली बसली. त्या रात्री मृणालिनीला जेवण गेलं नाही. डोकं दुखतंय, असं तिने घरात सांगितलं.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात सोनूबाई. पाटी खाली ठेवायच्या आधीच तिने कनवटीची पुरचुंडी सोडून मृणालिनीच्या ओंजळीत ओतली. भोकं पडलेल्या पंधरा-वीस शिंपल्या, धुऊन स्वच्छ केलेल्या.

“पोरांना दाखवाया. पाटे उठून वेचल्या.” ती तोंडभर हसत होती. “कमलनी सांगला ना मना! आमची कमल तुमच्याच वर्गात हाय. वशिला वाटंल म्हनून तिनं कवा बोलू दिला नाय. शिंपल्याचा मी तिला सांगितला होता. काल घरी आली न सांगते, आये, बाईंनी सगल्यांसमोर तुजा नाव घेतला. टाल्या वाजल्या म्हने!”

मागच्या बाकावरची मुलगी मृणालिनीच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. तिने विचारलेला प्रश्न, आणि ते शांत ‘बरं, मॅडम’. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

“बाय, यकदा तसाच बोलून दाखवा ना,” सोनूबाई पदर तोंडाला लावून लाजत म्हणाली. “पुरा नाव घेतला म्हने. माजा पुरा नाव लोकांत कवा कोनी घेतला नाय.”

“वेसाव्याच्या...” मृणालिनीने सुरुवात केली. “वेसाव्याच्या सोनूबाई...”

पुढे तिला येईना. अकरा वर्षं या बाईच्या हातचं म्हावरं खाल्लं, पण तिचं आडनाव कधी विचारलंच नव्हतं.

सोनूबाई वाट बघत राहिली. हळूहळू तिचा पदर तोंडावरून खाली आला. शुक्रवारी शिंपल्याकडे बघितलं होतं, तशीच ती मृणालिनीकडे बघत होती.

“हरेश्वर भानजी,” ती हलकेच म्हणाली. “सोनूबाई हरेश्वर भानजी.”

“सोनूबाई, मी...”

“ऱ्हाऊ द्या.” तिने पाटी उचलून डोक्यावर घेतली, चुंबळ नीट केली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून ती थांबली. “बाय, यक करा. मना कलला, ता कमलला सांगू नका. आयेला बरा वाटावा म्हनून बोलली बिचारी.”

मृणालिनीने मान डोलावली. भोकाच्या शिंपल्या अजून तिच्या ओंजळीत होत्या, आणि त्या ठेवायला तिला घरात जागा सुचेना.